डबल्स (त्रिनिदाद)

डबल्स हा कॅरिबियन समुद्रातील त्रिनिदाद बेटावरचा रस्त्यावर मिळणारा सर्वांत लोकप्रिय खाद्यपदार्थ. हळद घातलेल्या दोन मऊ, तळलेल्या पुऱ्या आणि त्यांत रसदार छोले, एवढाच त्याचा ऐवज. पुरीला ‘बारा’ आणि छोल्यांना ‘चन्ना’ म्हणतात. सकाळची न्याहारी म्हणून तो खाल्ला जातोच; रात्री उशिरा नाचगाण्यातून परतणाऱ्यांच्या रांगाही याच गाड्यांपुढे लागतात.

‘फतेल रझाक’ हे जहाज ३० मे १८४५ रोजी पहिले भारतीय गिरमिटिये (करारबद्ध मजूर) घेऊन त्रिनिदादला पोहोचले. १९१७ पर्यंत सुमारे १ लाख ४४ हजार माणसे उसाच्या मळ्यांसाठी नेली गेली. त्यांतली बहुतेक कलकत्ता बंदरातून गेलेली, आजच्या उत्तर प्रदेश-बिहारकडची. त्यामुळे तिथल्या भारतीय स्वयंपाकाचा पाया भोजपुरी आहे. डबल्स मात्र कुणी गावाकडून आणलेले नाहीत, ते तिथेच जन्मले. दक्षिणेकडील प्रिन्सेस टाउन येथे १९३६ च्या सुमारास इमामूल दीन आणि त्यांची पत्नी रसूलन यांनी ते विकायला सुरुवात केली, असे मानले जाते. आधी चन्ना एकाच बाऱ्यावर मिळे. गिऱ्हाइके ‘डबल करा’ म्हणू लागली आणि तेच नाव पडले.

बाऱ्याचे पीठ मैद्याचे. त्यात हळद, जिरे आणि यीस्ट घालून ते इतके सैल भिजवतात की लाटणे चालत नाही. तेलाच्या हाताने गोळा थापून कढईत सोडायचा आणि काही क्षणांत उलटून काढायचा. कुरकुरीत झाला तर फसलाच. तळलेले बारे कापड घातलेल्या पेटीत एकावर एक रचून झाकतात, वाफेने ते आणखी लुसलुशीत होतात. चन्न्यासाठी करी पावडर पाण्यात कालवून तेलात परततात, मग शिजलेले हरभरे घालून थोडे ठेचून दाट करतात. वरून चिंचेची चटणी, काकडीचा कीस, कैरीचे कुचेला नावाचे लोणचे आणि शॅडो बेनी. करवती कडांच्या लांब पानांच्या या वनस्पतीचा वास कोथिंबिरीसारखाच, पण कितीतरी उग्र. विक्रेता विचारतो तो प्रश्न फक्त तिखटाचा. ‘स्लाइट’ म्हटले की मिरचीच्या सॉसचा थेंबभर, पण नवख्याला तोही पुरेसा होतो. कागदात गुंडाळलेला ऐवज गाडीपाशीच उभ्याने उघडायचा. बाऱ्याचा तुकडा मोडून त्यानेच चन्ना उचलायचा. चमचा मागणारा परका म्हणून लगेच ओळखू येतो.

क्युरेप चौक आणि पोर्ट ऑफ स्पेनमधील सेंट जेम्स हे भाग डबल्ससाठी नावाजलेले. दक्षिणेतल्या डेबे गावी त्यांच्या जोडीला फुलोरी (वाटाणा डाळीच्या पिठाची भजी) आणि सहीना मिळते. सहीना अळूच्या पानांची असते. अळूवडी खाणाऱ्याला ती ओळखीची वाटेल.

घरचा स्वयंपाक वेगळा. सकाळी तव्यावरची जाड सादा रोटी आणि बैंगन चोका: वांग्याला चिरा पाडून त्यात लसूण खोचायची, जाळावर भाजायचे, कुस्करून वर कडकडीत तेल ओतायचे. धालपुरीत वाटाणा डाळीचे पुरण असते, पण तिखटमिठाचे, गूळ नाही. ‘बस अप शट’ हा पराठा तव्यावरच लाकडी उलथण्यांनी चोपून फाटक्या सदऱ्यासारखा करतात. हिंदू लग्नात सोहारीच्या रुंद पानावर सात भाज्या वाढतात. त्यांत भोपळा, कैरी, चन्ना-आलू हमखास.

आफ्रिकी वंशाच्या स्वयंपाकातून आलेला पेलाव साखर तेलात करपवून करतात. त्यात कोंबडी, तांदूळ आणि तुरीचे ओले दाणे. रविवारी अळूची पाने, भेंडी आणि नारळाच्या दुधाचे कालालू. ही ताटे आता कोणत्याही एका वंशाची उरलेली नाहीत. डबल्स तर सगळेच खातात, आणि टोरांटो, लंडन व न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्येही ते मिळतात.