कार्ब लोडिंग

कार्ब लोडिंग : दीर्घ पल्ल्याच्या शर्यतीआधीचे एक ते तीन दिवस आहारातील कर्बोदकांचे प्रमाण मुद्दाम वाढवून आणि व्यायाम कमी करून स्नायूंमधला ग्लायकोजेनचा (शरीरात साठवलेल्या कर्बोदकांचा) साठा नेहमीपेक्षा जास्त भरून घेण्याची पद्धत. मॅरेथॉन, लांब पल्ल्याचे सायकलिंग, ट्रायथलॉन अशा सलग दीड तासाहून अधिक चालणाऱ्या प्रकारांत ती उपयोगी पडते. ५ किंवा १० किमी धावणाऱ्याला तिची गरज नसते. त्याचा रोजचा साठाच पुरतो.

गरज का पडते हे साध्या हिशेबातून कळते. धावताना दर किलोमीटरला शरीराच्या दर किलो वजनामागे ढोबळमानाने १ किलोकॅलरी खर्च होते. म्हणजे ६० किलोच्या धावपटूला मॅरेथॉनच्या ४२.१९५ किमीसाठी सुमारे २,५०० किलोकॅलरी लागतात. नेहमीच्या आहारावर स्नायूंत साधारण ४०० ग्रॅम आणि यकृतात ८० ते १०० ग्रॅम ग्लायकोजेन असते, त्यातून २,००० किलोकॅलरींच्या आसपास ऊर्जा मिळते. उरलेला भाग चरबी भागवते, पण चरबीपासून ऊर्जा सावकाश मिळते, वेगाच्या धावण्याला ती एकटी पुरी पडत नाही. शिवाय एका स्नायूतले ग्लायकोजेन दुसऱ्याला देता येत नाही. त्याचे ग्लुकोज करून रक्तात सोडणारे विकर (एन्झाइम) यकृतात असते, स्नायूंत नसते. त्यामुळे दंडात साठा शिल्लक असला तरी रिकाम्या मांड्यांना त्याचा उपयोग नाही. ३० ते ३२ किमीच्या आसपास पाय अचानक जड होतात आणि वेग कोसळतो, त्याला धावपटू ‘वॉल’ म्हणतात. तिचे मुख्य कारण हेच.

या पद्धतीचा पाया स्वीडनमध्ये घातला गेला. स्नायूचा बारीक तुकडा सुईने काढून तपासण्याचे तंत्र योनास बेर्गस्ट्रॉम यांनी रुळवले होते. त्यांनी आणि एरिक हुल्टमन यांनी १९६६ साली स्वतःवरच प्रयोग केला. दोघांनी एकाच सायकलीवर प्रत्येकी एकच पाय दमेपर्यंत चालवला आणि नंतर तीन दिवस भरपूर कर्बोदके खाल्ली. दमवलेल्या पायातले ग्लायकोजेन विश्रांती दिलेल्या पायाच्या जवळपास दुप्पट झाले. १९६७ च्या पुढच्या अभ्यासात कमाल क्षमतेच्या सुमारे ७५ टक्के जोराने सायकल चालवायला लावली, तेव्हा चरबी-प्रथिनांच्या आहारावर माणसे सरासरी ५७ मिनिटे टिकली, मिश्र आहारावर ११४ आणि कर्बोदकयुक्त आहारावर १६७. १९७१ मध्ये ३० किमीच्या शर्यतीत दिसून आले की लोडिंगमुळे सुरुवातीचा वेग वाढत नाही. नंतरचा वेग कमी पडत नाही, इतकेच. हा मुद्दा अनेक धावपटू विसरतात आणि भरल्या अंगाच्या उत्साहात पहिले दहा किलोमीटर उधळून टाकतात.

मूळची पद्धत सात दिवसांची आणि जाचक होती. आधी दमवणारा व्यायाम, मग तीन दिवस कर्बोदके जवळपास बंद, मग तीन दिवस फक्त त्यांचाच मारा. ब्रिटिश धावपटू रॉन हिल यांनी तसाच आहार घेऊन १९६९ ची अथेन्समधली युरोपीय मॅरेथॉन जिंकली आणि पद्धतीचा बोलबाला झाला. पण कर्बोदके बंद असलेल्या दिवसांत चिडचिड, अशक्तपणा, झोप बिघडणे हे सर्रास व्हायचे, तेही शर्यतीच्या तोंडावर. १९८१ मध्ये अमेरिकेत दिसून आले की सराव हळूहळू कमी करत शेवटचे तीन दिवस कर्बोदके वाढवली तरी साठा जवळपास तितकाच भरतो. २००२ मध्ये ऑस्ट्रेलियातील अभ्यासात सरावलेल्या खेळाडूंनी पूर्ण विश्रांती घेऊन दर किलो वजनामागे १० ग्रॅम कर्बोदके खाल्ली. एका दिवसातच साठा कमाल पातळीला पोचला आणि पुढच्या दोन दिवसांत त्यात भर पडली नाही. जुनी पद्धत आज वापरण्याचे काही कारण उरलेले नाही.

सध्याचे प्रमाण असे : शर्यतीआधीचे ३६ ते ४८ तास दर किलो वजनामागे दिवसाला १० ते १२ ग्रॅम कर्बोदके. ६० किलोच्या माणसाला हे किमान ६०० ग्रॅम होते, आणि ताटात मांडून पाहिल्याशिवाय त्याचा अंदाज येत नाही. ३०० ग्रॅम तांदळाचा भात (सुमारे २३५ ग्रॅम कर्बोदके), १०० ग्रॅम कोरडे पोहे (७७), मध्यम आकाराची चार केळी (१००), ३०० ग्रॅम बटाटे (५०), दोन लहान पोळ्या (३२), गूळ-साखर मिळून ६० ग्रॅम (५५) आणि अर्धा लिटर फळांचा रस (५५) हे सगळे दिवसभरात संपवावे लागते. आदल्या रात्रीच्या एका जेवणात हे बसत नाही. पाच-सहा वेळा थोडेथोडे खावे आणि दिवसाचे सर्वांत मोठे जेवण दुपारी उरकावे.

चूक होते ती बहुधा चरबीच्या बाबतीत. श्रीखंड-पुरी, बटाटेवडा, चीज घातलेला पास्ता, भरपूर दाण्याचे कूट आणि तूप घातलेली साबुदाण्याची खिचडी यांनी पोट लवकर भरते आणि कर्बोदकांचा आकडा अर्ध्यावरच राहतो. साबुदाणा स्वतः उत्तम आहे, त्यात जवळजवळ निव्वळ पिष्टच असते. कूट कमी करावे. दुसरी चूक चोथ्याची. एरवी धावपटूला हितकारक असलेली ज्वारी-बाजरीची भाकरी, मोड आलेल्या कडधान्यांची उसळ, कच्ची कोशिंबीर हे शेवटचा दीड दिवस बाजूला ठेवावे, नाहीतर वाटेत शौचालय शोधण्याची वेळ येते. मऊ भात, पातळ वरण, रव्याचा शिरा, इडली, पांढरा ब्रेड बरा. इतर वेळी ज्या साखरेला नावे ठेवतो ती या दोन दिवसांत चालते.

ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठते. त्यामुळे वजन एक ते दोन किलो वाढते आणि पाय जरा फुगल्यासारखे वाटतात. काटा पाहून घाबरून जेवण कमी करणारे बरेच असतात. वजन अजिबात वाढले नाही, तर उलट लोडिंग अपुरे झाल्याची शंका घ्यावी.

स्त्रियांना लोडिंगचा फायदा होत नाही असे काही काळ मानले जाई. खरे कारण प्रमाणाचे होते. एकूण आहार कमी असताना त्यातली कर्बोदके ७५ टक्के केली तरी दर किलोमागे पुरेसे ग्रॅम भरत नाहीत. एकूण उष्मांकही वाढवले की स्त्रियांच्या स्नायूंतही साठा वाढतो.

रात्रीच्या उपाशी तासांत स्नायूंचा साठा टिकतो, यकृताचा मात्र बराच उतरतो. म्हणून सकाळचा नाश्ता चुकवू नये. एक ते चार तास आधी दर किलोमागे १ ते ४ ग्रॅम असे प्रमाण सांगतात. जितका वेळ कमी, तितके खाणे कमी. मुंबई मॅरेथॉनसारखी पूर्ण शर्यत पहाटे सुटते तेव्हा चार तास आधी उठण्यापेक्षा दोन तास आधी दोन केळी आणि जॅम लावलेला ब्रेड किंवा गूळ-पोहे एवढे पुरे.

साठा कितीही भरला तरी वाटेत खावेच लागते. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके घ्यावीत. अडीच तासांहून लांब शर्यतीत ९० ग्रॅमपर्यंत जाता येते, पण आतडे एकट्या ग्लुकोजचे तासाला ६० ग्रॅमच्या आसपासच शोषण करते, म्हणून सोबत फ्रुक्टोज हवे. त्याचा शोषणाचा मार्ग वेगळा आहे. धावताना घ्यायच्या एनर्जी जेलच्या (घट्ट गोड पाकाच्या) एका पुडीत साधारण २० ते २५ ग्रॅम कर्बोदके असतात, आणि ते पाण्यासोबतच घ्यावे. ओआरएस हे इंधन नव्हे : जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरला फक्त १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते. लिटरभर पाण्यात ६० ग्रॅम साखर, पाव चमचा मीठ आणि लिंबू हे घरगुती सरबत त्याहून चांगले काम करते. नुसते पाणी मात्र तहानेपलीकडे पीत राहू नये, रक्तातले सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

२८-३० किमीच्या एखाद्या सराव-धावेआधी हा सगळा आहार एकदा करून पाहावा. पोटाला काय चालत नाही हे तेव्हाच कळते. मधुमेहींनी मात्र डॉक्टरांशी बोलून, औषधांची मात्रा ठरवल्याखेरीज लोडिंग करू नये.