रसिक-इतिहासलेखन : 'द हनिमूनर्स'

एखाद्या जुन्या दूरचित्रवाणी मालिकेच्या नादी लागलेल्या प्रेक्षकाने पुढे तिच्या भागांची सूची, प्रक्षेपणाच्या तारखा, संवादांतील पाठभेद आणि शिल्लक प्रतींचा ठावठिकाणा शिस्तीने नोंदवणे, यास रसिक-इतिहासलेखन म्हणता येईल. विनोदी मालिकांपुरते पाहिल्यास त्याचे ठळक उदाहरण 'द हनिमूनर्स' या अमेरिकन मालिकेभोवती घडले. ब्रुकलिनमधील बसचालक राल्फ क्रॅमडेन (जॅकी ग्लीसन), त्याची पत्नी अ‍ॅलिस आणि गटारांत काम करणारा शेजारी एड नॉर्टन ही तिची परिचित पात्रे होत.

मालिकेचा आरंभ ऑक्टोबर 1951 मध्ये ड्यूमाँट वाहिनीवरील एका विविधरंजन कार्यक्रमातील प्रहसनाने झाला. तेव्हा अ‍ॅलिसची भूमिका पर्ट केल्टन करीत. 1952 मध्ये ग्लीसन सीबीएस वाहिनीकडे गेले आणि ऑड्री मेडोज अ‍ॅलिस झाल्या. 1955-56 च्या हंगामात अर्ध्या तासाचे 39 भाग निघाले. पुनःप्रक्षेपणात हेच 39 भाग वर्षानुवर्षे फिरत राहिले. न्यूयॉर्कच्या डब्ल्यूपीआयएक्स वाहिनीवर ते इतक्या वेळा लागले की तेथील प्रेक्षकांची एक पिढी संवाद पाठ म्हणू लागली, आणि जाहिरातींसाठी कोणते वाक्य छाटले गेले हेही अशा प्रेक्षकांच्या चटकन ध्यानात येई. पीटर क्रेसेंटी आणि बॉब कोलंब यांनी 1982 मध्ये स्थापन केलेली चाहत्यांची संस्था याच वर्गातून आली. संस्थेच्या लांबलचक, शाही थाटाच्या नावाची आद्याक्षरे जुळवली की 'राल्फ' होते. नाव आधी ठरले आणि अर्थ मागाहून बसवला, हे उघड आहे.

केवळ हेच 39 भाग सुस्थितीत का राहिले, याचे कारण तांत्रिक आहे. ते ड्यूमाँटच्या 'इलेक्ट्रॉनिकॅम' पद्धतीने, अ‍ॅडेल्फी नाट्यगृहात प्रेक्षकांसमोर चित्रित झाले. या यंत्रात भिंगातून आलेला प्रकाश दुभागून एक वाट दूरचित्रवाणी कॅमेऱ्याकडे, तर दुसरी 35 मिमी फिल्मकडे जात असे. त्यापूर्वीची आणि लगेच नंतरची प्रहसने मात्र थेट प्रक्षेपित होत व त्यांची नोंद 'किनेस्कोप'वर, म्हणजे दूरचित्रवाणीच्या पडद्यासमोर फिल्म कॅमेरा ठेवून, घेतली जाई. साहजिकच चित्र धूसर येई आणि फेरविक्रीस निरुपयोगी ठरे.

1984 मध्ये न्यूयॉर्कच्या प्रसारण संग्रहालयाने अशी चार प्रहसने सापडल्याचे जाहीर केले आणि जानेवारी 1985 मध्ये ग्लीसन यांनी स्वतःच्या साठ्यातील आणखी बरीच प्रहसने खुली केली. शोटाइम वाहिनीने ती 'हरवलेले भाग' या नावाने दाखवली. हे विशेषण कितपत योग्य, यावर मतभेद आहेत. प्रती मालकाच्याच ताब्यात होत्या. तेव्हा त्यांना 'हरवलेल्या' म्हणण्यापेक्षा 'बाहेर न काढलेल्या' म्हणणे अधिक सयुक्तिक दिसते.

खऱ्या अर्थाने हरवली ती ड्यूमाँट काळातील बहुतेक प्रहसने. अभिनेत्री एडी अ‍ॅडम्स यांनी 1996 मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेससमोर दिलेल्या साक्षीनुसार, 1970 च्या दशकाच्या आरंभी ड्यूमाँट कंपनीच्या विक्रीच्या वाटाघाटीत जुन्या फिती सांभाळण्याचा खर्च कोणी उचलायचा, असा प्रश्न निघाला. तेव्हा एका वकिलाने रात्री दोनच्या सुमारास तीन मालमोटारी भरून त्या न्यू जर्सीतील एका पडावावर (मालवाहू नावेवर) नेल्या आणि स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी उजवीकडे वळून न्यूयॉर्कच्या उपसागरात बुडवल्या. वृत्तान्त बहुधा याच एका साक्षीवर उभा असल्याने त्याचा तपशील जपूनच घ्यावा लागतो. ड्यूमाँटचा संग्रह मोठ्या प्रमाणावर नष्ट झाला, एवढे मात्र सर्वमान्य आहे.

चाहत्यांची चिकित्सा स्थळनिश्चितीपर्यंतही पोहोचते. क्रॅमडेन दांपत्याचा पत्ता 328, चॉन्सी स्ट्रीट असून मालिकेत हे घर बेन्सनहर्स्ट भागात असल्याचे सांगितले जाते. प्रत्यक्षात ही गल्ली तेथून बरीच दूर, बुशविकच्या बाजूस आहे. ग्लीसन यांचे बालपण याच गल्लीत गेले असल्याने तिचे नाव आठवणीतून आले आणि वस्तीचे नाव सोयीने जोडले गेले, हे स्पष्टीकरण पटण्यासारखे आहे.

ब्रिटनमध्ये बीबीसीच्या 'डॅड्स आर्मी' या विनोदी मालिकेबाबत (1968-77) असाच शोध चालला. महागड्या चित्रफिती पुसून पुन्हा वापरण्याच्या प्रथेमुळे तिच्या 1969 च्या दुसऱ्या मालेतील पाच भाग नाहीसे झाले होते; त्यांपैकी दोन 2001 मध्ये परत मिळाले.