वकिलाची चूक आणि वकिलाची लबाडी

"वादी व वादीचे वकील पुकारता गैरहजर. दावा काढून टाकण्यात येत आहे." तारीख 13 मार्च. कोर्टाच्या रोजनाम्यातल्या, म्हणजे रोजच्या कामकाजाच्या नोंदीतल्या, या दोन ओळींची नक्कल मामांच्या हातात पडली तोवर जून उजाडला होता. दावा शेताच्या बांधाचा, सात वर्षं चाललेला. त्याहून मजेशीर गोष्ट त्यांच्या फोनमध्ये होती. 22 एप्रिलला वकीलसाहेबांचा मेसेज आलेला: "मॅटर बोर्डावर आलं नाही. पुढची तारीख 14 जून." बोर्ड म्हणजे कोर्टाची त्या दिवसाच्या प्रकरणांची यादी.

दावा निकालात निघून चाळीस दिवस झाल्यावर त्याला पुढची तारीख पडली होती!

मामा साहजिकच पेटले. "याची सनदच घालवतो," म्हणजे वकिलीचा परवाना, हे पहिलं वाक्य. "आणि सात वर्षांचा खर्च वसूल करतो," हे दुसरं. माझ्या पाहण्यात नाराज झालेला प्रत्येक पक्षकार ही दोन वाक्यं एका दमात बोलतो, जणू दोन्ही कामं एकाच खिडकीवर होतात. तसं नाही. 13 मार्चला वकील आले नाहीत ही एक गोष्ट. 22 एप्रिलला ते खोटं बोलले ही दुसरी. कायदा या दोघींना वेगवेगळ्या दाराशी उभं करतो.

चुकीत काय काय येतं? तारीख विसरणं, मुदत हुकणं, साक्षीदाराला नेमका प्रश्न न विचारणं, भलत्याच कलमाखाली अर्ज टाकणं. याने अशिलाचं वाटोळं होऊ शकतं, पण एवढ्यावर वकिलाची सनद जात नाही. ॲडव्होकेट्स ॲक्ट, 1961 च्या कलम 35 खाली बार कौन्सिल, म्हणजे वकिलांवर देखरेख ठेवणारी संस्था, जे तपासते ते गैरवर्तन. नुसता निष्काळजीपणा किंवा कायद्याचा चुकलेला अंदाज म्हणजे गैरवर्तन नव्हे, त्यामागे नियत खोटी असावी लागते, असं सर्वोच्च न्यायालयाने साठच्या दशकापासून सांगितलंय. पुण्याच्या एका वकिलाचं निलंबन 1983 साली सर्वोच्च न्यायालयात रद्द झालं ते याच मुद्द्यावर. चुकीचा सल्ला देणं वेगळं आणि अयोग्य सल्ला देणं वेगळं, दोन्हींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, असं न्यायालय म्हणालं. पक्षकाराला हे ऐकून राग येतो, आणि मला तो राग कळतो. पण उलटं करून बघा. हरलेल्या प्रत्येक केसमागे एक तक्रार उभी राहिली, तर अवघड केस घ्यायला कोण धजेल?

लबाडीचं तसं नाही. अशिलाचे पैसे दाबून ठेवणं, विरोधी पार्टीशी आतून हातमिळवणी, केसची खरी स्थिती लपवणं, निकाल लागला तर इतके टक्के असा सौदा करणं, हे सगळं त्या बाजूचं. कोऱ्या कागदावर आणि कोऱ्या वकीलपत्रावर सह्या घेऊन ठेवायची आपल्याकडे सर्रास सवय आहे. "साहेब, सही करून ठेवा, परत खेटा नको." राजस्थानातल्या एका वकिलाने अशाच कोऱ्या सह्यांवरून अशिलाच्या नकळत परस्पर तडजोड घडवून आणली. त्याची सनद पाच वर्षं निलंबित झाली, आणि सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा कायम ठेवली.

फाईल अडवून धरणं कुठे बसतं, हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. "आधी फी, मग फाईल." बहुतेकांना वाटतं, हा वकिलाचा हक्कच असेल. नाही. मध्य प्रदेशातल्या एका सहकारी बँकेच्या वकिलाने 97,100 रुपये फीसाठी बँकेच्या फायली रोखल्या होत्या. 2000 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की फीसाठी फायलींवर ताबा सांगता येत नाही, आणि असं करणं हे गैरवर्तनच. त्या वकिलाची शिक्षा मात्र ताकिदीवर आणली, कारण कायद्याचा हा मुद्दा तोवर पुरता स्पष्ट नव्हता. फी खरंच बाकी असेल तर वकिलाने रीतसर दावा लावावा. फाईल अशिलाची.

आता दारं. गैरवर्तनाची तक्रार राज्याच्या बार कौन्सिलकडे. आपल्यासाठी ती महाराष्ट्र आणि गोवा यांची एकत्र, मुंबईत. ती करायला दुसरा वकील लागत नाही. प्रकरण शिस्तपालन समितीपुढे गेलं, तर तिथे तीन जण बसतात आणि तिघेही वकील असतात. या शेवटच्या वाक्यावर लोक ओठ मुडपतात, आणि ते अगदीच बिनबुडाचं आहे असं मी म्हणणार नाही. तक्रार वर्षभरात निकाली निघाली नाही तर ती भारतीय बार कौन्सिलकडे जाते. शिक्षा म्हणजे ताकीद, काही काळ निलंबन, नाहीतर यादीतून नाव कायमचं कमी. यात तुमच्या नुकसानीची भरपाई कुठेच नाही. तुमचा बंद पडलेला दावाही तिथून जिवंत होत नाही.

भरपाईसाठी ग्राहक मंचात जायचा मार्ग 14 मे 2024 रोजी बंद झाला. 20,000 रुपयांच्या न वटलेल्या चेकवरून सुरू झालेलं दिल्लीतलं भांडण सर्वोच्च न्यायालयात पोचलं, आणि वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात बसत नाही असा निकाल आला. डॉक्टर 1995 पासून त्या कायद्यात आहेत, वकील नाहीत. यावर भरपूर वाद घालता येईल, पण आजचा कायदा हा. उरतं दिवाणी न्यायालय. 1926 च्या एका जुन्या कायद्यानुसार, केवळ वकील आहे म्हणून कुणी निष्काळजीपणाच्या दाव्यातून सुटत नाही. प्रत्यक्षात असे दावे क्वचित होतात. वकील चुकला नसता तर मूळ केस आपण जिंकलो असतो, हेही दाखवावं लागतं. म्हणजे एका दाव्याच्या पोटात दुसरा दावा.

आणि मूळ दावा? तो फक्त त्याच कोर्टात पुन्हा उभा राहू शकतो. गैरहजेरीत निघालेला दावा परत बोर्डावर घ्यायला 30 दिवसांची मुदत असते. "वकिलाच्या चुकीची शिक्षा अशिलाला नको" हे 1981 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातलं तत्त्व सगळे तोंडपाठ म्हणतात. 1993 मध्ये त्याच न्यायालयाने त्याला लगाम घातला, ते कुणी सांगत नाही. शहरातली शहाणीसुरती कंपनी सगळं खापर वकिलावर फोडून मोकळी होऊ शकत नाही, असं त्या निकालाचं सार.

मामांनी त्या रात्री नऊ पानी तक्रार लिहिली. वकील फितूर झाला, विरोधकाच्या गाडीतून फिरतो, फी जास्त घेतली, उलटतपास नीट केला नाही. मी पेन्सिल घेऊन बसलो. फितुरीला पुरावा? "सगळ्या गावाला ठाऊक आहे." खोडलं. बार कौन्सिलसमोर आरोप जवळजवळ फौजदारीइतका घट्ट शाबीत करावा लागतो, गावाला ठाऊक असून भागत नाही. उलटतपास? ती फार तर चूक. खोडलं. शेवटी दीड पान उरलं: रोजनाम्याची नक्कल आणि 22 एप्रिलचा मेसेज.

गंमत म्हणजे हीच दोन कागदं दुसऱ्या दाराशीही चालली. तीस दिवस 12 एप्रिललाच संपले होते, म्हणून उशीर माफ करण्याचा अर्ज लागणार होता, आणि त्याला सबळ कारण. मामांना गाफील ठेवणारा तो मेसेजच ते कारण ठरला. उशीर माफ झाला, हजार रुपये खर्च भरून दावा परत बोर्डावर आला.

या अर्जावर सही करायला आमच्या तालुक्याच्या बारमधलं कुणी तयार होईना. शेजारच्या तालुक्यातून वकील आणावे लागले. ते प्रत्येक तारखेला वेळेवर येतात. तरी मामा आदल्या रात्री ई-कोर्ट्स ॲपवर सोळा अंकी-अक्षरी सीएनआर, म्हणजे दाव्याचा ओळख क्रमांक, टाकतात, आणि सकाळी कोर्टात जाऊन बोर्डावर आपला नंबर बोटाने शोधतात.