मोटारीच्या पडद्यावर देवनागरी

आमच्या मोटारीच्या डॅशबोर्डमधील पडद्यावर इंग्रजी गाण्यांची नावे व्यवस्थित दिसतात, पण वडिलांनी पेन ड्राइव्हवर भरून दिलेले अभंग लावले की नावाच्या जागी रिकाम्या चौकोनांची रांग उमटते. हा दोष गाण्यांच्या फायलींचा नाही. युनिकोड या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत देवनागरीसाठी १२८ क्रमांकांचा पट्टा राखून ठेवलेला आहे आणि फायलीत ते क्रमांक बिनचूक असतात. मात्र कोणत्या क्रमांकासाठी कोणती आकृती काढायची हे सांगणारा फाँट मोटारीतल्या यंत्रात बसवलेलाच नसतो. तो आपल्याला बसवता येईल का, एवढ्या प्रश्नासाठी मी लॅपटॉप त्या पडद्याला जोडायचे ठरवले.

ज्याला आपण सवयीने स्टिरिओ म्हणतो आणि गॅरेजमध्ये ज्याला हेड युनिट म्हणतात, तो आता पूर्ण संगणक असतो. त्यात मोबाइलमध्ये असतो तसा एआरएम घराण्यातला प्रोसेसर असतो, कायमस्वरूपी साठवणीची फ्लॅश मेमरी असते आणि वर लिनक्स, क्यूएनएक्स किंवा अँड्रॉइड यांपैकी एखादी कार्यप्रणाली चालते. कारखान्यात हे यंत्र तयार करणाऱ्या अभियंत्यांनाही त्याच्याशी बोलावे लागते, आणि त्यासाठी सर्किट बोर्डवर बहुधा तीन-चार बारीक ठिपके सोडलेले असतात. एका ठिपक्यावरून यंत्र बोलते, दुसऱ्यावरून ऐकते आणि तिसरा ग्राउंडचा असतो. यालाच सिरियल पोर्ट म्हणतात.

हे ठिपके लॅपटॉपच्या यूएसबीला जोडणारी छोटी पट्टी घ्यायला मी मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडला, म्हणजेच डॉ. भडकमकर मार्गावर गेलो. ‘यूएसबी टू टीटीएल द्या’ म्हटल्याबरोबर दुकानदाराने विचारले, ‘तीन पॉइंट तीन की पाच?’ सगळ्या प्रकारात याहून महत्त्वाचा प्रश्न नाही. हेड युनिटमधील प्रोसेसर साधारणपणे ३.३ व्होल्ट किंवा त्याहूनही कमी दाबावर बोलतो; त्याच्या ऐकण्याच्या ठिपक्यावर ५ व्होल्ट दिले, तर चिपच्या आतील संरक्षक डायोडमधून नको तेवढा प्रवाह वाहतो आणि चिप कायमची निकामी होऊ शकते. म्हणून तार लावण्याआधी यंत्र चालू करून बोलण्याच्या ठिपक्यावर मल्टीमीटर धरावा आणि आकडा डोळ्यांनी पाहावा. पट्टीवरचा वीजपुरवठ्याचा पिन मोकळाच ठेवायचा, कारण हेड युनिटला स्वतःची वीज असते.

ती वीज मी मोटारीतून घेतली नाही. हेड युनिट काढून घरी टेबलावर आणले आणि १२ व्होल्टच्या स्थिर पुरवठ्याला जोडले. बाजारात वेगळ्या मिळणाऱ्या युनिटच्या कपलरमध्ये, म्हणजे तारांच्या जोडणीत, पिवळी तार कायम विजेची, लाल तार चावी फिरवल्यावर येणाऱ्या विजेची आणि काळी ग्राउंडची असते. टेबलावर पिवळी आणि लाल एकत्र केली की यंत्राला चावी फिरवल्यासारखे वाटते. काही युनिट वीज तुटली की चोरीपासून संरक्षण म्हणून कोड मागतात, तो आधी लिहून ठेवावा.

टेबलावर आणण्यामागे सोयीपेक्षा मोठे कारण होते. मोटारीतील इंजिन, ब्रेक, एअरबॅग यांचे नियंत्रक ज्या दोन पिळलेल्या तारांवरून बोलतात, त्या कॅन या पद्धतीची मांडणी बॉश कंपनीने १९८६ मध्ये जाहीर केली. तिच्या संदेशात पाठवणाऱ्याचे नाव नसते आणि सहीही नसते; असतो तो संदेशाचा क्रमांक, आणि दोन संदेश एकाच वेळी निघाले तर लहान क्रमांकाचा पुढे जातो. त्यामुळे त्या तारांवर कोणीही काहीही बोलले तरी ऐकणारे ते खरे मानतात. २०१५ मध्ये अमेरिकेत चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक यांनी जीप चेरोकी गाडीच्या हेड युनिटमध्ये मोबाइल नेटवर्कवरून शिरकाव केला, कॅनच्या तारांशी बोलणाऱ्या शेजारच्या चिपमधला प्रोग्रॅम नव्याने लिहिला आणि थेट ब्रेकपर्यंत पोहोचून दाखवले. त्यानंतर सुमारे १४ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. एका फाँटसाठी तो धोका मला मुळीच पत्करायचा नव्हता; टेबलावरच्या युनिटला कॅनच्या तारा जोडलेल्याच नव्हत्या.

पहिल्या प्रयत्नात लॅपटॉपच्या पडद्यावर काहीच आले नाही, कारण बोलण्याची तार बोलण्याच्याच ठिपक्याला लागली होती. एकाचे बोलणे दुसऱ्याच्या ऐकण्याला जोडायचे असते. तारा अदलाबदल केल्यावर अक्षरे आली, पण ती निरर्थक होती, म्हणजे वेग जुळत नव्हता. सेकंदाला १,१५,२०० बिट हा सर्वांत रूढ वेग आहे. त्यात प्रत्येक बिट ८.७ मायक्रोसेकंद टिकतो, आणि लॅपटॉपने त्याच ठेक्यात ऐकले तरच अर्थ लागतो. तो वेग निवडताच स्वच्छ मजकूर वाहू लागला. सर्वांत आधी कार्यप्रणाली सुरू करून देणारा यू-बूट नावाचा प्रोग्रॅम जागा झाला, त्याने तीनपासून उलटी मोजणी सुरू केली आणि तेवढ्या अवधीत कळ दाबली तर पुढची प्रक्रिया थांबवायची मुभा दिली. स्वयंपाकघराच्या टेबलावर ते तीन आकडे पाहताना मला झालेला आनंद अजून ताजा आहे.

सगळ्याच यंत्रांत ही मुभा मिळत नाही. बऱ्याच नव्या गाड्यांत निर्मात्याच्या डिजिटल सहीची पडताळणी झाल्याशिवाय यंत्रातली कार्यप्रणाली सुरूच होत नाही, आणि ती सही करणारी गुप्त किल्ली कंपनीबाहेर येत नाही. ब्रेकपर्यंत जाणाऱ्या वाटेला असे कुलूप हवेच, असे माझे स्पष्ट मत आहे. पण भाषा आणि अक्षरे बसवण्याची वाट मालकाला मोकळी असायला हवी.

आमचे युनिट जुने असल्याने उघडले. बदल करण्याआधी मी संपूर्ण मेमरीची प्रत काढली. ती ८ जीबीची होती. सिरियल तारेवरून सेकंदाला जेमतेम ११,५२० अक्षरे जातात, त्या हिशेबाने आठ दिवस लागले असते, म्हणून आज्ञा सिरियलवरून दिल्या आणि प्रत यूएसबीवरच्या डिस्कवर उतरवली. मग मुक्त परवान्याचा नोटो सान्स देवनागरी हा फाँट योग्य जागी ठेवला.

चौकोन गेले. मात्र ‘विठ्ठल’ हा शब्द तुटक उमटला: वेलांटी ‘व’च्या उजवीकडे, आणि दोन ‘ठ’ हलंत चिन्हासह वेगवेगळे. युनिकोडमध्ये पहिली वेलांटी व्यंजनानंतरच साठवली जाते. तिला डावीकडे आणणे आणि जोडाक्षर घडवणे हे काम फाँटमधील नियम वाचणाऱ्या हार्फबझसारख्या वेगळ्या प्रोग्रॅमचे असते, आणि या युनिटमध्ये तसा प्रोग्रॅम नाही. तो त्याच प्रोसेसरसाठी बांधून आधी टेबलावर चालवून पाहायचा आहे. तोवर डॅशबोर्डमधली जागा मोकळीच आहे.