गुडघ्यांची झीज आणि रक्तदाब: एका जुन्या शंकेची पार्श्वभूमी

गुडघ्यांच्या ऑस्टिओआर्थ्रायटिसला, म्हणजे सांध्यांच्या झिजेला, आपण सहज ‘वंगण संपले’ म्हणतो. उच्च रक्तदाबाचा या झिजेशी काही संबंध असेल का, ही ती जुनी शंका. वैद्यकानेही दीर्घकाळ तेच मानले होते: सांधा हे एक बिजागर आहे, ते वापराने झिजते आणि वजन जास्त असेल तर लवकर झिजते. रक्तदाबाचा अभ्यास निराळ्या वाटेने पुढे सरकला. १८९६ मध्ये इटालियन डॉक्टर रिव्हा-रॉची यांनी दंडाला बांधायचा पट्टा वापरात आणला आणि १९०५ मध्ये रशियन डॉक्टर कोरोत्कोव्ह यांनी स्टेथोस्कोपने नाडीचे आवाज ऐकण्याची पद्धत सांगितली, तेव्हा कुठे रक्तदाब खात्रीने मोजता येऊ लागला. सांध्यांचे तसे नव्हते. केल्ग्रेन आणि लॉरेन्स या इंग्लंडमधील संशोधकांनी १९५७ मध्ये एक्स-रेवरून झिजेची शून्य ते चार अशी प्रतवारी ठरवून दिली, त्यानंतरच हजारो माणसांची झीज एकाच मापाने नोंदवणे शक्य झाले.

त्यांपैकी लॉरेन्स यांनीच १९७५ मध्ये उच्च रक्तदाब आणि स्नायू-सांध्यांचे विकार यांच्या संबंधावर निबंध लिहिला. त्यावरचा आक्षेप उघड होता आणि तो रास्तही होता: वय आणि वजन वाढले की दोन्ही आजार वाढतात, मग ते एकत्र आढळले यात नवल काय? १९९५ मध्ये इंग्लंडमधील चिंगफर्ड येथील सुमारे एक हजार मध्यमवयीन स्त्रियांच्या पाहणीत वजनाचा परिणाम हिशेबातून वगळल्यावरही उच्च रक्तदाब आणि गुडघ्यांची झीज यांचा संबंध शिल्लक राहिला. माझ्या मते ही शंका गांभीर्याने घेतली जाऊ लागली ती इथून.

कारण शोधताना लक्ष गेले ते कूर्चेखालच्या, म्हणजे सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत आवरणाखालच्या, हाडाकडे. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण सांध्यातल्या द्रवातून आणि काही अंशी त्या हाडातून होते. रक्तदाबामुळे तिथल्या बारीक वाहिन्या अरुंद झाल्या तर हाडाचा तो थर दुबळा होईल आणि वरची कूर्चा उपाशी राहील, असा हा तर्क आहे. तो आकर्षक असला तरी सिद्ध झालेला नाही. जनुकीय माहितीच्या आधारे कार्यकारणभाव तपासणाऱ्या काही अलीकडच्या अभ्यासांचा कौल तर याच्या विरुद्ध दिशेने गेला आहे.

या संबंधाचा सर्वांत भक्कम दुवा मात्र सांध्यात नसून औषधाच्या पाकिटात सापडला. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारखी वेदनाशामके प्रोस्टाग्लँडिन हे वेदना वाढवणारे द्रव्य तयार होऊ देत नाहीत. हेच द्रव्य मूत्रपिंडाच्या वाहिन्या मोकळ्या ठेवते आणि मीठ बाहेर टाकण्यास मदत करते. ते कमी पडले की मीठ व पाणी शरीरात साठते, रक्तदाब चढतो आणि रक्तदाबाच्या कित्येक गोळ्यांचा परिणामही मंदावतो. १९९०च्या दशकात अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले तेव्हा ही वाढ सरासरी ५ मिलिमीटरच्या (पाऱ्याच्या मापात) आसपास भरली. गुडघा दुखतो म्हणून वर्षानुवर्षे रोज गोळी घेणाऱ्याच्या बाबतीत ही वाढ क्षुल्लक नाही.

त्यामुळे रक्तदाबाच्या रुग्णांना पॅरासिटामॉल सुचवण्याचा प्रघात पडला. २०२२ मध्ये एडिंबरा येथे रक्तदाबाच्या ११० रुग्णांवर झालेली चाचणी प्रसिद्ध झाली. रोज ४ ग्रॅम पॅरासिटामॉल दोन आठवडे दिल्यावर वरचा रक्तदाब याही गोळीने सुमारे ५ मिलिमीटर वाढलेला दिसला.