न थांबणारी फिट आणि पाण्यात न विरघळणारं औषध

अपस्माराची बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते. जी थांबत नाही, ती जिवावर बेतते. दातखीळ बसलेल्या माणसाला गोळी देता येत नाही, औषध बहुधा सुईनेच द्यावं लागतं. अडचण अशी, की मेंदूत चटकन शिरणारी औषधं बहुधा तेलात विरघळणारी असतात, आणि शिरेत सोडायला मात्र ती पाण्यात विरघळायला हवीत.

सुरुवातीच्या काळातलं पॅराल्डिहाइड हे औषध प्लास्टिक खायचं, म्हणून त्याला काचेची सिरिंज लागे. १९३८मध्ये मेरिट आणि पुटनम या अमेरिकन डॉक्टरांनी फेनिटॉइन हे औषध अपस्मारावर उपयोगी असल्याचं दाखवलं. त्याचं इंजेक्शन पुढे १९५६मध्ये आलं. ते पाण्यात टिकावं म्हणून त्यात ४० टक्के प्रोपिलीन ग्लायकॉल, १० टक्के अल्कोहोल आणि १२च्या आसपास पीएच (आम्ल-अल्कली मोजणारा आकडा). म्हणजे जवळजवळ कॉस्टिकचं द्रावण! डेक्स्ट्रोजच्या (साखरेच्या सलाइनच्या) बाटलीत घातलं, तर त्याचे स्फटिक होतात. हाताच्या शिरेत दिलं, तर कधी कधी अख्खा हात जांभळा पडून सुजतो. मिनिटाला ५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त वेगाने सोडलं, तर रक्तदाब कोसळण्याची भीती. साठ किलोच्या माणसाला १२०० मिलिग्रॅम द्यायचे, तर चोवीस मिनिटं लागतात. फिट चालू असताना ती चोवीस मिनिटं फार मोठी असतात. १९९६मध्ये फॉस्फेनिटॉइन आलं. यात रेणूला फॉस्फेट जोडून तो पाण्यात विरघळवला, आणि शरीरातली एन्झाइम्स तो फॉस्फेट तोडून फेनिटॉइन मोकळं करतात. औषध सोडायचा वेग तिप्पट झाला.

दरम्यान १९६५मध्ये फ्रान्समधल्या मार्सेयला गास्तो या मेंदूतज्ज्ञांनी डायझेपाम हे औषध शिरेतून देऊन फिट थांबवून दाखवली. पण ते लवकरच मेंदूतून चरबीत पसरतं, आणि फिट परत येऊ शकते. त्याच गटातलं लोराझेपाम जास्त वेळ टिकतं. १९९८च्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत पहिलं औषध म्हणून ते ६५ टक्के रुग्णांत यशस्वी ठरलं, नुसतं फेनिटॉइन ४४ टक्क्यांत.

मला सगळ्यात देखणं वाटतं ते याच गटातलं मिडाझोलाम. कुपीतल्या आम्लात त्याच्या रेणूचं कडं उघडतं आणि तो पाण्यात विरघळतो. रक्तात गेल्यावर कडं मिटतं आणि तो मेंदूत शिरायला तयार होतो. त्यामुळे ते मांडीच्या स्नायूतही देता येतं, आचके देणाऱ्या हातात शीर शोधावी लागत नाही. २०१२च्या रॅम्पार्ट चाचणीत रुग्णवाहिकेतली पेटी उघडल्यापासून औषध देईपर्यंत मिडाझोलामला सुमारे सव्वा मिनिट लागलं, शिरेतल्या लोराझेपामला पावणेपाच. रुग्णालयात पोचेपर्यंत फिट थांबलेले रुग्ण ७३ टक्के विरुद्ध ६३ टक्के.

ही मिनिटं इतकी मोलाची का? फिट लांबली, की डायझेपामच्या गटातल्या या औषधांची पकड ज्यांच्यावर असते ते गाबा रिसेप्टर (मेंदूच्या पेशीला शांत करणारा संदेश घेणारे रेणू) पेशीच्या आत ओढले जातात आणि औषध निष्प्रभ होऊ लागतं. म्हणूनच उपचार सुरू करायची मर्यादा ३० मिनिटांवरून ५ मिनिटांवर आली. पहिलं औषध फसलं, तर पुढे लेव्हेटिरासिटाम, फॉस्फेनिटॉइन किंवा व्हॅल्प्रोएट ही औषधं. २०१९च्या चाचणीत तिघांचंही यश ४५ ते ४७ टक्के. उरलेल्यांना आजही अतिदक्षता विभागात, श्वासनळीत नळी घालून, भूल देऊनच शांत करावं लागतं.