शेततळं आणि पाझर तलाव: मे महिन्यात कोरडं कोण असावं?

ग्रामसभेत जलसंधारणाचा आराखडा वाचताना शेततळी आणि पाझर तलाव एकाच दमात उरकले जातात. दोन्हींवर सरकारी पैसा खर्च होतो आणि दोन्हींची साठवण टीसीएममध्ये मोजून एकाच बेरजेत टाकली जाते. एक टीसीएम म्हणजे दहा लाख लिटर. ही बेरीज मला कधीच पटलेली नाही, कारण यातल्या एकाचं काम पाणी धरून ठेवायचं आहे आणि दुसऱ्याचं ते जमिनीत सोडून द्यायचं.

पाझर तलाव नाल्यावर मातीचा भराव घालून होतो. मराठवाड्यातले कितीतरी तलाव 1972 च्या दुष्काळात आणि त्यानंतर रोजगार हमीच्या कामांवर उभे राहिले. जागा निवडताना तळाशी मुरूम किंवा भेगाळ खडक लागतो. आपला काळा कातळ, म्हणजे बेसॉल्ट, एकसंध असला की पाणी घेत नाही. वरचा झिजलेला थर आणि भेगा एवढीच त्याची साठवायची जागा, आणि तीही फार मोठी नाही. पावसाळ्यात तलाव भरतो, तळातून पाणी मुरतं आणि भरावाच्या खालच्या अंगाच्या विहिरींना हिवाळ्यात उतरतं. म्हणूनच या तलावाला पंप लावून थेट उपसा करणं म्हणजे खालच्या विहिरीवाल्यांच्या वाट्याचं पाणी उचलणं.

इथेच लोकांचा मोठा गैरसमज होतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये तलाव आटला की ‘गळका तलाव, पैसे पाण्यात’ असं म्हणतात. भरावातून किंवा सांडव्याखालून पाणी निसटत असेल तर तक्रार रास्त. पण तळातून मुरून तो रिकामा झाला असेल, तर तो नेमका त्यासाठीच बांधला होता. काळजी करायची ती मेपर्यंत तुडुंब राहणाऱ्या पाझर तलावाची. बहुतेक वेळा त्याच्या तळाशी काळ्या मातीचा गाळ बसून भेगा बुजलेल्या असतात. 2017 पासूनच्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत असा गाळ काढता येतो. नव्या भरावापेक्षा हे काम स्वस्त असतं, फक्त त्याचं उद्घाटन दिमाखात होत नाही.

शेततळ्याचं गणित उलट. ते सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याचं, घरातल्या रांजणासारखं. 2016 मध्ये आलेल्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेत जास्तीत जास्त 50 हजार रुपये अनुदान होतं आणि सर्वात मोठा आकार 30 बाय 30 बाय 3 मीटर. बाजूंना उतार धरला तर त्यात साधारण 22 लाख लिटर पाणी मावतं. ऑगस्टमध्ये पावसानं ताण दिला की या पाण्यावर सोयाबीन, तूर एखाद्या पाळीत वाचते. तळ्याचा मूळ हेतू हाच होता: वाहून जाणारं पाणी अडवायचं आणि खरिपाला संरक्षित पाणी द्यायचं. मुरमाड रानात तळाला प्लॅस्टिकचा कागद न घालता खोदलेलं शेततळं मुरवायचं कामही थोडंफार करतं. त्यामुळे शेततळं म्हटलं की नाक मुरडायचं कारण नाही.

भानगड कागदापाशी सुरू होते. प्लॅस्टिकचा कागद अंथरला की जमिनीत थेंब जात नाही. त्यात हे तळं पाणी वाहून येईल अशा उताराला नसून बांधाच्या वरच्या कोपऱ्यात असेल, तर ते पावसानं भरणारच नाही. योजनेतला एक प्रकार तर ‘इनलेट-आउटलेटशिवाय’, म्हणजे पाणी आत यायला-बाहेर जायला वाटच नसलेला, असाच होता. मग ते भरतं विहिरीनं नाहीतर बोअरनं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, भूजल वर असताना, रात्रंदिवस मोटार चालवून तळं भरून घ्यायचं आणि उन्हाळ्यात मोसंबी, डाळिंब, द्राक्षं जगवायची. बागायतदाराच्या जागी मी असतो तरी मोह झालाच असता. पण हिशेब पाहा: पाझर तलावानं सगळ्यांसाठी जमिनीत घातलेलं पाणी एकानं वर काढून उन्हात ठेवलं.

आणि ऊन मराठवाड्याचं. उन्हाळ्यात उघड्या पाण्याची दिवसाला सात मिलिमीटर वाफ धरली, तर काठोकाठ भरलेल्या 30 बाय 30 च्या तळ्यातून रोज सहा हजार लिटरच्या वर पाणी उडतं. दोन दिवसांत बारा हजार लिटरचा एक टँकर. जमिनीखाली होतं तेव्हा हेच पाणी उन्हापासून झाकलेलं होतं.

सरकारी पैसा मात्र दोन्हीकडून येतो. जलयुक्त शिवारमधून नाल्यावर बंधारे आणि खोलीकरण. जागतिक बँकेच्या कर्जावरच्या ‘पोकरा’ या कृषी प्रकल्पातून त्याच गावांत शेततळी, त्यांना प्लॅस्टिकचं अस्तर, ठिबक. एका खात्यानं मुरवायचं आणि दुसऱ्याच्या अनुदानावर उपसायचं, असं एकाच शिवारात घडू शकतं. भूजलाचा 2009 चा कायदा 60 मीटरपेक्षा खोल विहिरी आणि बोअरवर निर्बंध घालतो. गावोगाव बोअरच्या गाड्या कुठवर जातात ते मी सांगायला नको.

जालना तालुक्यातल्या कडवंचीचा दाखला शेततळ्यांच्या बाजूनं नेहमी दिला जातो. शेकडो शेततळी आणि त्यावरच्या द्राक्षबागा. पण तिथे आधी, 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात, माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणलोटाचं काम झालं. शेततळ्यांची गर्दी नंतरची. बसनं पाहणीला जाणारे परतताना बहुधा तळ्यांचाच फोटो आणतात, बांधबंदिस्तीचा नाही.

आपल्या गावच्या आराखड्यात शेततळ्यांची यादी आली, तर प्रत्येकापुढे दोन रकाने वाढवून मागा: कागद आहे का, आणि ते कोणत्या महिन्यात, कशानं भरतं. नाल्याच्या पाण्यानं जुलै-ऑगस्टमध्ये भरणारी तळी साठवणीच्या बेरजेत खुशाल धरा. बोअरनं ऑक्टोबरमध्ये भरणारी तळी उपशाच्या बाजूला लिहायची.